गवत कापण्याचें यंत्र घेण्यापूर्वीं

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नळदुर्गाजवळ जळकोट नांवाचें गांव आहे. तेथील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं नवें घर बांधलें व घरापुढें दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशी जागा बागेसाठीं मोकळी सोडली. पावसाळा संपतां संपतां ते शाळेंत आले, आणि मुलाच्या प्रगतीची चौकशी झाल्यावर जरा संकोचानें म्हणाले, "गुरुजी, आणखी एक विचारायचें होतें. घरापुढें हिरवळ करावी असा मुलांचा हट्ट आहे. तिच्यासाठीं गवत कापण्याचें यंत्र घ्यावयाचें, तर कोणतें घ्यावें?" आमच्या शाळेच्या बागेची देखरेख कांहीं वर्षें मजकडे आहे, म्हणून हा प्रश्न त्यांनीं मला विचारला. मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. उलट त्यांनाच चारदोन प्रश्न विचारले. आपलें गवत कोणतें? जमीन कशी आहे? पाणी किती? कापलेलें गवत जाणार कोठें? ते हसून म्हणाले, "यंत्राचें विचारायला आलों, तर तुम्ही माझीच परीक्षा घेतां!" परंतु या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून यंत्राची निवड करतां येत नाहीं. तें कसें, हें इतर पालकांच्या व विद्यार्थ्यांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

प्रथम हें यंत्र मुळांत कसें निघालें तें पाहूं. कारण तें कोठें चालेल व कोठें अडेल याचा उलगडा त्याच्या जन्मकथेंतच होतो. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड या गांवाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. लोकरीचें कापड विणून झालें म्हणजे त्याच्या अंगावर तंतूंची लव उभी राहते. ती एकसारखी छाटली नाहीं, तर कापडास गुळगुळीत पोत येत नाहीं. पूर्वीं हें काम मोठमोठ्या कात्र्यांनीं हातानें करीत. पुढें त्यासाठीं एक यंत्र आलें. त्यांत वळसेदार पात्यांचा एक रूळ फिरे व खालच्या स्थिर पात्याशीं जुळून लव छाटून टाकी. स्ट्राउडजवळच्या थ्रप येथील एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें हें यंत्र पाहिलें, आणि हिरवळ म्हणजे तरी जमिनीवर अंथरलेलें लवदार कापडच, असा विचार त्याला सुचला. त्यानें तीच युक्ति चाकांवर बसविली व १८३० सालीं तिचें पेटंट घेतलें. शेजाऱ्यांनीं आपणांस वेडा ठरवूं नये म्हणून तो रात्रीं यंत्राची परीक्षा घेई, असें सांगतात. तोंपर्यंत तिकडे मोठमोठ्या हिरवळी लांब दांड्याच्या विळ्यांनीं कापीत. पात्यास गवत नीट लागावें म्हणून मजूर पहांटे दंव असतांनाच कामाला लागत. बडिंगचें पहिलें यंत्र १९ इंच रुंद व ओतीव लोखंडाचें असल्यामुळें पुष्कळ जड होतें; एकानें मागून ढकलावें आणि दुसऱ्यानें पुढून ओढावें, अशी सोय त्याला ठेवावी लागली. १८३२ पासून इप्स्विच येथील रॅन्सम यांच्या कारखान्यांतही तें तयार होऊं लागलें. पुढें घोडे जोडलेलीं यंत्रें निघालीं. खुरांचे ठसे हिरवळीवर उमटूं नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे घालीत! आपल्या देशांत मोठ्या बागांतून घोड्यांच्या जागीं बैल आले. वाफेचें यंत्र १८९३ सालीं व पेट्रोलचें विसाव्या शतकाच्या आरंभीं आलें.

या सगळ्या कथेंत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे इंग्लंडचा पाऊस. तेथें बाराही महिने थोडाथोडा पाऊस पडतो, जमीन मऊ राहते, गवत हळूहळू वाढत राहतें. आपल्याकडे नळदुर्गाच्या किल्ल्यांतील नर-मादी धबधबे वाहूं लागले कीं गवताला ऊत येतो, आणि दिवाळीनंतर दोन महिन्यांत तेंच माळरान पिवळें पडतें. तेव्हां आपणांस यंत्र हवें तें बारमाही कामाचें नव्हे. चार महिने भरपूर, चार महिने बेताचें आणि चार महिने मुळींच नाहीं, अशा कामाचें हवें. दुकानदार ही गोष्ट सांगत नाहीं. वर्षांतून पंधरावीस वेळां चालणाऱ्या यंत्रावर किती पैसा घालावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

पाण्याचा हिशेब तर विद्यार्थ्यांनींच करून पाहण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. जळकोटच्या त्या बागेंत १०० चौरस मीटर हिरवळ केली आणि उन्हाळ्यांत तिला रोज पांच मिलिमीटर पाणी द्यावयाचें धरलें, तर रोजचे ५०० लिटर झाले. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें खेड्यांतील प्रत्येक माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावें असें प्रमाण ठरविलें आहे. म्हणजे ही एवढीशी हिरवळ रोज नऊ माणसांचें पाणी पिऊन टाकणार! एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें, हें आपल्या भागांतील कोणी विसरलेलें नसेल. त्याच आठवड्यांत मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे असा हुकूम दिला. मैदानें व खेळपट्ट्या राखण्यास लागणारें पाणी हाच त्या वादाचा विषय होता. हें सर्व ऐकून त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. हिरवळ करूंच नये काय, असें त्यांनीं विचारलें. तसें मला म्हणावयाचें नव्हतें. ती लहान करावी, आणि हरळीची करावी, एवढेंच माझें म्हणणें होतें.

हरळीचें नांव काढलें कीं आपल्याकडील शेतकरी कपाळास हात लावतो. काळ्या रानांत तिच्या मुळ्या व कांड्या खोल जातात. नांगरून, कुदळून, वेंचून काढली तरी राहिलेल्या एका कांडीपासून ती पुन्हां पसरते. आजोबांनीं जन्मभर जिच्याशीं झगडा केला, तीच हरळी नातवानें बंगल्यापुढें मुद्दाम लावावी, यांत थोडा विनोद आहे खरा. परंतु शेतांत जो तिचा दोष तोच बागेंत गुण ठरतो. ती तुडविलेली सोसते, खालून कापलेली सोसते, आणि पाणी तुटलें म्हणजे वरून पिवळी पडून खालीं जिवंत राहते. पहिला पाऊस पडला कीं आठवड्यांत पुन्हां हिरवी. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच. रोपवाटिकांतून परदेशीं नांवांचीं कांहीं गवतें गालिच्यासारखीं कापून विकत मिळतात. दिसावयास तीं फार मोहक असतात, पण आपल्या उन्हाळ्यांत पाण्यावांचून त्यांचा टिकाव लागणें कठीण. हरळी मात्र मे महिन्यांत पिवळी पडली, तर खुशाल पडूं द्यावी.

कुंपणाच्या कडेनें व माळावर पावसाळ्यांत जें कुंदा, पवना, मारवेल, कुसळी असें उंच गवत माजतें, तें हिरवळींत जमा धरूं नये. तो चारा आहे. त्याला बागेचें यंत्र लावणें म्हणजे यंत्राचीही हानि आणि चाऱ्याचीही. यंत्रांतून त्याचे बारीक तुकडे होऊन मातींत मिसळतात, ओलेपणीं त्यांचा ढीग घातला तर आंतून तापून कुजतो, आणि जनावर त्याला तोंड लावीत नाहीं. विळ्यानें कापलेलें गवत लांब राहतें, त्याच्या पेंढ्या बांधतां येतात, वाळवून ठेवतां येतें. कुसळी तर तुरे येण्यापूर्वींच कापावी. मागाहून तिचीं कुसळें धोतरांत व मोज्यांत शिरतात तशींच जनावरांच्या तोंडांतही टोंचतात. घराभोंवतीं हें गवत वाढूं देऊं नये याचें दुसरें कारण फुरसें व घोणस. अंगणांत अनवाणी फिरणारें मूल असेल, तर सुंदर हिरवळीपेक्षां भिंतीलगतची दोन हात स्वच्छ जागा अधिक मोलाची आहे. तेथील गवत कापतांना पायांत जाड बूट असावे, आणि हात घालण्यापूर्वीं काठीनें गवत हालवून पाहावें.

आतां यंत्रांकडे वळूं. बडिंगच्या वंशांतलें यंत्र आजही मिळतें, आणि लहान बागेसाठीं मला तेंच सर्वांत शहाणपणाचें वाटतें. दांडा धरून तें पुढें ढकललें म्हणजे चाकें फिरतात. चाकांच्या आंतील दांत्यांमुळें पांच-सहा वळसेदार पात्यांचा पिंजरा वेगानें फिरूं लागतो. आणि खालच्या स्थिर पात्यावर गवताची काडी येतांच ती कात्रीप्रमाणें दोहोंच्या मध्यें सांपडून कापली जाते. काप स्वच्छ असल्यामुळें पात्याचीं टोकें फाटत नाहींत व पिवळीं पडत नाहींत. पेट्रोल नाहीं, वीज नाहीं, धूर नाहीं, आवाज थोडा. आणि मुख्य म्हणजे ढकलणारा थांबला कीं पातींही थांबतात. दोष म्हणाल तर तेही आहेत. गवत वीतभर वाढूं दिलें, तर हें यंत्र तें कापण्याऐवजीं नुसतें लोळवितें. काडी, कांटा किंवा खडा पात्यांत अडकला कीं जागच्या जागीं अडतें. आणि जमीन उंचसखल असेल, तर कोठें बोडकें व कोठें झिपरें करून ठेवतें. म्हणून पावसाळ्यांत दर आठवड्यास न चुकतां तें फिरविण्याची तयारी नसेल, तर तें घेऊं नये.

दुसरा प्रकार आडवें फिरणाऱ्या एका पात्याचा. पेट्रोलच्या इंजिनावर किंवा विजेवर चालणारें हें पातें कात्रीप्रमाणें कापीत नाहीं. तें केवळ वेगाच्या जोरावर गवताचे शेंडे तोडतें. उंच, राठ, ओलसर गवत यापुढें टिकत नाहीं, म्हणून मोठ्या मैदानास तें सोयीचें. पण तो वेग किती, याचा विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा. पातें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ४६ सेंटिमीटर लांब आहे आणि मिनिटास ३,००० फेरे घेतें असें धरा. एका फेऱ्यांत त्याचें टोंक सुमारे १.४४ मीटर जातें. सेकंदास ५० फेरे. म्हणजे टोंकाचा वेग सेकंदास सुमारे ७२ मीटर, ताशीं सुमारे २६० किलोमीटर झाला! इतक्या वेगाच्या पोलादाखालीं आपल्या मुरमाड जमिनींतला खडा आला तर काय होईल, हें मला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. आमच्याच मैदानावर एकदां भाड्यानें आणलेल्या अशा यंत्रानें एक खडा उडविला. तो वर्गाच्या खिडकीची कांच फोडून फळ्याखालीं जाऊन पडला. मधली सुटी व्हावयास पांच मिनिटें होतीं. मुलें बाकांवर होतीं, म्हणून कोणास लागलें नाहीं. कांच दुसऱ्या दिवशीं बदलली, पण तो खडा मीं माझ्या मेजाच्या खणांत ठेवून दिला आहे. जळकोटच्या गृहस्थांपुढें मीं तो काढून ठेवला, तेव्हां त्यांनीं तो उचलून हातावर तोलून पाहिला आणि कांहीं न बोलतां परत ठेवला.

अमेरिकेंत १९८२ पासून असा नियम आहे कीं, मागून ढकलावयाच्या अशा यंत्राची मूठ हातांतून सुटतांच तीन सेकंदांच्या आंत पातें थांबलें पाहिजे. आपण यंत्र घेतांना दुकानांतच ही परीक्षा घ्यावी; ज्याचें पातें मूठ सोडल्यावरही फिरत राहतें, तें कितीही स्वस्त असलें तरी घरीं आणूं नये. यंत्र चालविण्यापूर्वीं सारी जागा पायांखालीं घालून खडे, तारा, हाडकें वेंचून काढावीं. मुलांस घरांत पाठवावें. आणि पात्यांत गवत अडकलें असतां इंजिन पूर्ण बंद केल्यावांचून हात घालूं नये. पेट्रोलच्या यंत्रावर प्लगची तारही काढून ठेवावी.

खांद्यावर पट्टा अडकवून चालविण्याचें ब्रश कटर आतां खेडोपाडीं शेतकऱ्यांच्या हातीं दिसतें. त्याच्या नायलॉनच्या दोरीची गोष्ट बडिंगच्या गोष्टीची धाकटी बहीण शोभेल. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें जॉर्ज बॅलस नांवाचे गृहस्थ १९७१ सालीं मोटार धुण्याच्या यंत्रांत बसले होते. मोटारीभोंवतीं फिरणारे ब्रश पाहून त्यांस वाटलें, झाडांच्या बुंध्याशीं वाढलेलें गवत असेंच कां काढूं नये? त्यांनीं एका रिकाम्या डब्यास भोकें पाडून त्यांतून मासे धरण्याची दोरी ओवली, डबा फिरत्या यंत्रास जोडला, आणि नवें हत्यार तयार झालें. बांध, चर, कुंपणाची कड यांसाठीं तें उत्तम. हिरवळीस मात्र तें एकसारखी उंची देत नाहीं. आणि कोवळ्या झाडांच्या बुंध्याला ती दोरी लागली तर सभोंवार साल सोलली जाऊन झाड मरतें. डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय कोणीही तें हातीं धरूं नये.

रुंदीचा प्रश्न गणिताचाच आहे. बारा इंची यंत्राचा पट्टा मागील पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, म्हणून प्रत्यक्षांत २५ सेंटिमीटर धरावा. दहा मीटर रुंदीस ४० फेरे, प्रत्येक फेरा दहा मीटरचा. म्हणजे ४०० मीटर चालणें. हा सकाळचा चांगला व्यायाम झाला. परंतु १०० मीटर लांब व ६० मीटर रुंद अशा शाळेच्या मैदानावर हेंच यंत्र घेतलें, तर २४० फेरे व २४ किलोमीटर चाल होईल. आमच्या शिपायानें त्याच दिवशीं राजीनामा दिला असता! तेथें इंजिनाचें, रुंद पट्ट्याचें यंत्रच पाहिजे. उलट घरच्या बागेंत कित्येक लोक ऐटीखातर रुंद यंत्र घेतात आणि गुलाबाच्या दोन वाफ्यांमध्यें तें वळवितां येत नाहीं म्हणून कुरकुरतात.

विजेच्या यंत्रांविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. लांब तारेचें यंत्र स्वस्त असतें. पण तार पात्याखालीं येण्याचें भय सदैव असतें, आणि दंवानें ओल्या झालेल्या गवतावर तें मुळींच चालवूं नये. बॅटरीवर चालणारें त्याहून सुरक्षित व नीटस. परंतु आपल्याकडील सात-आठ महिन्यांच्या विश्रांतींत बॅटरी तशीच पडून राहते, हें विसरूं नये. पेट्रोलच्या यंत्राचीही तीच गत: टाकींत राहिलेलें पेट्रोल महिनोन् महिने तसेंच ठेवलें तर बिघडतें व कार्ब्युरेटर चोंदतो. म्हणून शेवटच्या कापणीनंतर टाकी रिकामी करून ठेवावी.

एका विद्यार्थ्यानें मला विचारलें कीं, मग शेळीच बांधली तर? आपला जिल्हा काळ्या उस्मानाबादी शेळीसाठीं देशभर प्रसिद्ध आहे, तेव्हां हा प्रश्न अगदींच पोरकट नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१८ सालीं, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनीं आपल्या सरकारी निवासाच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. माळ्यांचें काम वांचलें आणि त्यांची लोकर लिलावांत विकून तो पैसा रेड क्रॉसला दिला गेला. परंतु मेंढी मान खालीं घालून चरते, शेळीची मान वर असते. ती हरळीकडे पाहण्यापूर्वीं मोगरा, जास्वंद आणि कुंपणाची मेंदी यांचा समाचार घेईल. तेव्हां कापलेला चारा शेळीपाशीं न्यावा; शेळीला बागेंत आणूं नये.

दुकानांत यंत्र पाहतांना रंगाकडे पाहूं नये. पात्यांच्या पिंजऱ्यांत वर्तमानपत्राचा कागद धरून पिंजरा हातानें सावकाश फिरवावा, बोटें लांब ठेवून. कागद डाव्या टोंकापासून उजव्या टोंकापर्यंत सारखा कापला गेला, तर पातीं नीट जुळलीं आहेत. मध्येंच चुरगळला, तर नाहींत. उंची कमीजास्त करण्याचा खटका सहज सरकतो कीं नाहीं तें पाहावें. हरळी एक ते दीड इंचावर राखावी, आणि एका वेळीं उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापूं नये. एकदम खरडून काढली तर मुळांना अन्न पुरविणारें हिरवें पान उरत नाहीं, व उघडी पडलेली जमीन उन्हानें तापून फुटते. शेवटीं दुकानदारास विचारावें कीं, खालचें पातें झिजलें तर तें वेगळें मिळतें काय, व धार लावून कोण देतो. पहिल्या प्रश्नास "मागवून देऊं" व दुसऱ्यास "बघूं" असें उत्तर आलें, तर दुसरें दुकान गांठावें. धार लावून देणारा जवळ नसलेलें उत्तम यंत्र दुसऱ्या वर्षीं अडगळींत जातें, हें मीं एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे.

जळकोटच्या त्या गृहस्थांनीं पुढें काय केलें, तें सांगतों. हिरवळ त्यांनीं शंभर चौरस मीटरवरून वीसवर आणली. पांच मीटर लांब, चार मीटर रुंद. बांधावरचीच हरळी खणून, खडे वेंचून, सारख्या केलेल्या मातींत लावली. बाकीच्या जागेंत दोन लिंबें, एक शेवगा व कुंपणाकडेला मारवेल. यंत्र घेतलें तें हातानें ढकलण्याचें, बारा इंची. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर त्यांचा मुलगा तें फिरवितो, आणि बारीक तुकडे तेथेंच पडूं देतो. तेंच त्या हिरवळीचें खत होतें. मार्च लागला म्हणजे पातीं पुसून, तेल लावून, यंत्र गोणपाटांत गुंडाळून माळ्यावर जातें. विळा मात्र बाराही महिने दाराजवळच्या खुंटीवर आहे. कुंपणाकडेचें मारवेल त्यानेंच कापतात, व त्याच्या पेंढ्या शेजारच्या शेळ्यांना जातात.